सुटणं आणि सुटलेलं राहणं



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते दिवसा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि एकादशीला विठ्ठलमंदिरात पखवाजाला बसायचे, असं मला संयोजकांनी सांगितलं. ते ऐकलं तेव्हाच आजचा विषय ठरला. व्यसनातून बाहेर पडण्यात श्रद्धेचा वाटा किती, आणि तो नेमका कुठे असतो? समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न माझ्यापुढे दोन्ही अंगांनी येतो. आई म्हणते, 'गोळ्या नंतर बघू, आधी त्याला गाणगापूरला नेऊन आणते.' नवा डॉक्टर म्हणतो, 'ते देवाचं वगैरे राहू द्या, गोळ्या तेवढ्या चुकवू नका.' दोघांनाही त्या माणसाचं भलंच हवं असतं. दोघांच्या म्हणण्यात तथ्यही असतं. तरी दोघांच्या हातून एक गोष्ट निसटते, आणि तीच मला आज मांडायची आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाट पाहायला नको. श्रद्धेमुळे माणूस व्यसनातून सुटतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण सुटलेला राहतो तो एखाद्या साक्षात्काराच्या, नवसाच्या किंवा शपथेच्या बळावर राहत नाही. श्रद्धेचा रोजचा नेम झाला आणि त्या नेमाला चार माणसांची संगत मिळाली, तरच तो टिकतो. नेम आणि संगत नसलेली श्रद्धा मी कितीतरी वेळा आठवड्याभरात वाहून गेलेली पाहिली आहे.

प्रश्न किती मोठा आहे तेही एकदा पाहू. दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या ५.७ कोटींना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे, असा त्याचा निष्कर्ष. त्याच अहवालातला दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी कसाबसा एक जण कुठल्या ना कुठल्या उपचारापर्यंत पोहोचतो. उरलेले ३७ जातात कुठे? त्यांतले बरेच देवळात, दर्ग्यात, चर्चमध्ये, एखाद्या महाराजांकडे जातात. म्हणून श्रद्धेचा हा प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही. या देशातल्या कितीतरी व्यसनी माणसांना पहिला दरवाजा दिसतो तो हाच.

श्रद्धेकडे वळण्याआधी शरीराविषयी दोन गोष्टी स्पष्ट करतो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं दारू एकाएकी बंद केली, तर हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते, कुणाला फेफरं येतं. शेवटच्या घोटानंतर साधारण दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम सुरू होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं बोलू लागतात. घरच्यांना वाटतं, बाहेरची बाधा झाली. ही वैद्यकीय आणीबाणी आहे आणि तिच्यात माणूस दगावू शकतो. त्या वेळी त्याला दवाखान्यात दाखल करावं लागतं. झटके येऊ नयेत म्हणून औषधं द्यावी लागतात आणि बी-१ हे जीवनसत्त्व टोचावं लागतं. या चार-सहा दिवसांत अंगारा लावला तर माझी हरकत नाही, पण तो रुग्णालयाच्या खाटेवर लावावा. शरीरातून दारू उतरवणं हे डॉक्टरांचं काम, आणि ते आठवड्याभरात उरकतं. त्यापुढे तीस-चाळीस वर्षांचं आयुष्य पडलेलं असतं. श्रद्धेचा प्रश्न सुरू होतो तो तिथून.

आता एक गोष्ट सांगतो. ती अमेरिकेतली आहे, पण आज आपल्या तालुक्यातल्या माणसांच्याही उपयोगी पडते. न्यूयॉर्कमध्ये बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला एक हुशार माणूस दारूनं पार धुळीला मिळाला होता. नोव्हेंबर १९३४ मध्ये एबी थॅचर नावाचा त्याचा जुना पिणारा मित्र भेटायला आला. बिलनं पेला पुढे केला, एबीनं नको म्हटलं. तो ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत गेला होता आणि तिथे त्याची दारू सुटली होती. बिलचा देवावर विश्वास नव्हता. पण पुढच्याच महिन्यात टाउन्स हॉस्पिटलमध्ये उपचार घेताना, अगदी हताश अवस्थेत, आपली खोली पांढऱ्या प्रकाशानं भरून गेल्याचा अनुभव त्याला आला. आपल्याला वेड लागलं की काय, असं त्यानं डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, वेड लागलेलं नाही, जे मिळालंय ते धरून ठेव. त्यानंतर बिलनं आयुष्यात दारू घेतली नाही.

गोष्ट इथेच थांबवली तर तिचं सुंदर कीर्तन होईल. बरेच जण इथेच थांबवतातही. मला मात्र पुढचे सहा महिने जास्त महत्त्वाचे वाटतात. बिल त्या प्रकाशाची कहाणी घेऊन दारुड्यांना उपदेश करत हिंडला, आणि त्यातला एकही टिकला नाही. मे १९३५ मध्ये तो धंद्याच्या कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी गेला. तिथला व्यवहार फसला. मेफ्लॉवर हॉटेलच्या दालनात तो एकटाच उभा होता. एका बाजूला बार होता, तिथून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. पांढरा प्रकाश पाहिलेल्या माणसाचे पाय बारकडे वळू लागले. त्या क्षणी त्याला सुचलं ते असं, की आपल्याला आत्ता दुसरा दारुडा हवा, बोलायला. हॉटेलातल्या चर्चच्या यादीवरून त्यानं फोन लावायला सुरुवात केली. त्यातून हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंपर्यंत तो पोहोचला आणि त्यांनी १२ मे रोजी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी घालून दिली.

हे डॉ. बॉब म्हणजे आपल्या प्रश्नाची दुसरी बाजू. ते दोन वर्षांहून अधिक काळ ऑक्सफर्ड ग्रुपच्या बैठकांना जात होते. प्रार्थना करत होते, धर्मग्रंथ वाचत होते, आणि रोज पीतही होते. श्रद्धेत काही खोट नव्हती. पंधरा मिनिटांच्या बोलीवर ते बिलला भेटायला बसले आणि उठले ते सहा तासांनी. कारण समोरचा माणूस उपदेश करत नव्हता, स्वतःची फजिती सांगत होता. पुढे एका वैद्यकीय परिषदेला गेले असताना डॉ. बॉब पुन्हा घसरले, परत आले, आणि १० जून १९३५ नंतर त्यांनी दारूला हात लावला नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे आपण ज्याला एए म्हणतो, त्याचा स्थापनादिन तोच मानतात. लक्षात घ्या, एकाला साक्षात्कार झाला होता आणि दुसऱ्याकडे उपासना होती. दोघांनाही तेवढ्यावर भागलं नाही. भागलं ते दोघे समोरासमोर बसल्यावर.

एबीचं काय झालं? ज्यानं हा निरोप बिलला आणून दिला, तो स्वतः पुढे कितीतरी वेळा घसरला. १९६६ मध्ये तो वारला, तेव्हा शेवटची काही वर्षं मात्र कोरडा, म्हणजे दारूपासून दूर, होता. बिल अखेरपर्यंत त्याला आपला आधारदाता मानत राहिला. खुद्द बिलची दारू सुटली, पण सिगारेट फार उशिरापर्यंत सुटली नाही. १९७१ मध्ये तो फुप्फुसांच्या विकारानं गेला. मधली बरीच वर्षं त्याला नैराश्यानं ग्रासलं होतं. हे सगळं मी त्याला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. श्रद्धेनं माणूस आरपार शुद्ध होतो, अशी जी भाबडी अपेक्षा आपण ठेवतो, तिनं व्यसनी माणसाचं फार नुकसान होतं, म्हणून सांगतो.

एए भारतात आली १९५७ मध्ये, मुंबईत. आज महाराष्ट्रात आणि गोव्यात तिच्या सभा शाळांच्या वर्गांत आणि चर्चच्या सभागृहांत भरतात. काही सभा खुल्या असतात, तिथे कुणालाही बसता येतं. मी बसत असतो त्या सभेचं चित्र तुमच्यापुढे ठेवतो. तिसरीचा वर्ग. बाक इतके बुटके की मोठ्या माणसाचे गुडघे छातीला लागतात. फळ्यावर सकाळचा बेचा पाढा तसाच. भिंतीवर एएच्या बारा पायऱ्यांचा, म्हणजे सुटकेच्या टप्प्यांचा, तक्ता अडकवलेला, सभा संपली की तो गुंडाळून पिशवीत जातो. एक जण उठतो, पहिलं नाव सांगतो आणि म्हणतो, 'मी दारुडा आहे.' सगळे एका सुरात त्याला नावानं नमस्कार घालतात. मग तो सांगू लागतो: मुलीच्या फीचे पैसे कसे उडवले, थोरल्या भावाच्या तेराव्याला कसा पडून राहिला. कुणी मधे बोलत नाही, सल्ला देत नाही, च्‌च्‌ करत नाही. मागच्या बाकावर आजच पहिल्यांदा आलेला एक पोरगा असतो, पाय हलत असतात, डोळे दाराकडे. सभा संपल्यावर दोघे-तिघे त्याच्याभोवती जमतात. कुणी प्रवचन देत नाही. एक जण त्याच्या मोबाइलमध्ये आपला नंबर घालून देतो आणि म्हणतो, 'प्यायच्या आधी लाव. प्यायल्यावर लावलास तरी उचलीन, पण आधी लाव.'

त्या तक्त्यावरच्या बारा पायऱ्या वाचल्या तर एक गंमत ध्यानात येते. दारूचं नाव पहिल्याच पायरीत येतं. शेवटच्या पायरीत मद्यपी माणसापर्यंत निरोप नेण्याची गोष्ट आहे. मधल्या दहा पायऱ्यांत दारू नाहीच. तिथे आहे ते आपल्या चुकांची झडती घेणं, त्या दुसऱ्या माणसापुढे कबूल करणं, ज्यांना दुखावलं त्यांची यादी करणं, आणि भरपाई करताना कुणाला आणखी इजा होणार नसेल तर ती करणं. देवाचा उल्लेख आहे, पण तो ज्याला जसा उमजला तसा. १९३९ मध्ये संघटनेचं मूळ पुस्तक निघालं, तेव्हा देव न मानणाऱ्या सभासदांनी आग्रह धरून ही सवड करून घेतली. म्हणून आमच्या सभेत ज्याला उच्चशक्ती म्हणतात, ती एकाची पांडुरंग असते, एकाची येशू, एकाची बाबासाहेबांनी दिलेला धम्म. आणि एक निवृत्त लाइनमन आहेत, ते सरळ सांगतात, 'माझी उच्चशक्ती म्हणजे ही सभा. माझ्यापेक्षा हिची ताकद जास्त, एवढं मला पटलंय.'

आता आपल्या घरात या. आपल्याकडे दारूवरचं सगळ्यात गाजलेलं नाटक म्हणजे राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला'. सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील आहे, त्याला सिंधूसारखी बायको आहे, रामलालसारखा जिवाभावाचा मित्र आहे. तरी तो बुडतो. आपण शंभर वर्षं त्याकडे एका घोटानं झालेल्या सर्वनाशाची शोकांतिका म्हणून पाहत आलो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या नाटकात पिणाऱ्यांची संघटना आहे, आर्यमदिरामंडळ. तळीराम तिचा बिनीचा कार्यकर्ता. तिथे सभा भरतात, भाषणं होतात, नव्या सभासदाचं स्वागत होतं. सोडू पाहणाऱ्याचं मात्र कुठलंही मंडळ नाही. सुधाकर निश्चय करतो तो एकट्यानं, आणि मोडतोही एकट्यानंच. गडकरी गेले १९१९ मध्ये. त्यानंतर सोळा वर्षांनी अ‍ॅक्रनमध्ये जे उभं राहिलं, ते म्हणजे नेमकं हे न निघालेलं मंडळ.

पण आपल्याकडे सोडणाऱ्यांची संगत नव्हतीच, असं कसं म्हणू? वारकऱ्याची माळ म्हणजे दुसरं काय आहे? पंढरपूरला किंवा आळंदीला एखाद्या महाराजांच्या हातून एकशेआठ मण्यांची तुळशीची माळ घ्यायची. मग मद्यमांस वर्ज्य, एकादशीचा उपास, हरिपाठ, आणि वर्षातून वारी. माळ तुटली तर ओवून पुन्हा गळ्यात घातल्याशिवाय घास न घेणारी माणसं आजही आहेत. गावात या माणसाला माळकरी म्हणतात. म्हणजे त्यानं काय सोडलंय, ते सगळ्या गावाला दिसतं. त्याला कुणी पेला पुढे करत नाही, लग्नात त्याचं ताट वेगळं वाढतात, संध्याकाळी गुत्त्याच्या वेळेला त्याच्या हातात टाळ असतो. महाराष्ट्रात किती संसार या माळेनं वाचवले, याची मोजदाद कुणी केलेली नाही. पण ज्याचं बालपण खेड्यात गेलं आहे, त्याला अशी दोन-चार घरं तरी सहज आठवतील.

माळेचीही दुसरी बाजू आहे. एका बाईंनी मला सांगितलं होतं, 'भाऊ, यांनी प्यायली की नाही ते मी तोंडाचा वास घेऊन बघत नाही. खुंटीकडे बघते. माळ खुंटीला दिसली की समजायचं.' माळ गळ्यात असताना प्यायची नाही, म्हणून ती काढून ठेवायची आणि मग प्यायची. त्या गृहस्थांची श्रद्धा खोटी होती का? मुळीच नाही. खोटी असती तर काढून ठेवायचे कष्ट कशाला घेतले असते? अडचण वेगळी होती. माळ घेतली ती आळंदीला, एका दिवसात, भावनेच्या भरात. गावी भजनी मंडळ नव्हतं, हरिपाठाला सोबत नव्हती. वारीला जायचं तर मुकादम सुट्टी देत नव्हता. माळेतला नेम गळून गेला, संगत कधी जुळलीच नाही, आणि हाती उरले ते मणी. पुढे त्याच बाईंच्या आग्रहानं ते शेजारच्या गावच्या भजनात जाऊ लागले. तिथल्या विणेकऱ्यानं त्यांना एकच काम दिलं. रोज संध्याकाळी देऊळ उघडायचं आणि दिवाबत्ती करायची. किल्ली त्यांच्याकडे. ते गेले नाहीत तर देऊळ बंद राहणार. आता ज्या वेळेला पूर्वी गुत्त्याकडे पाय निघायचे, त्या वेळेला पंधरा माणसं त्यांची वाट पाहत पायरीवर उभी असतात.

ईश्वर न मानताही असाच बदल मोठ्या प्रमाणावर घडू शकतो, याचं उदाहरण आपल्याच मातीत आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली. पंचशीलातलं पाचवं शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती प्रतिज्ञा कुणी एकट्यानं देवापुढे नाक घासून घेतली नाही. ती लाखोंनी एका आवाजात उच्चारली, आणि तिच्यात आपण आजपासून नवी माणसं आहोत, हा अभिमान होता. भीतीच्या शपथेपेक्षा स्वाभिमानाची प्रतिज्ञा माणसाला जास्त दूर नेते, हे माझं निरीक्षण आहे. आजही बुद्धविहारात दर आठवड्याला जाऊन पंचशील म्हणणाऱ्या तरुणाला त्या प्रतिज्ञेचा आधार मिळतो. वर्षातून एकदा दीक्षाभूमीवर जाऊन येणाऱ्याला तो तेवढा पुरत नाही. नियम इथेही तोच: शब्द पुन्हा पुन्हा, आणि चारचौघांत.

आणखी दोन नावं घेतल्याशिवाय हा विषय महाराष्ट्रात पुरा होत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्याला माहीत आहेत ते अंधश्रद्धा निर्मूलनासाठी. साताऱ्याचं 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्रही त्यांच्याच पुढाकारानं उभं राहिलं, हे कमी लोकांना ठाऊक असतं. बुवाबाजीशी आयुष्यभर झुंजलेल्या माणसाला व्यसनी माणसाची हतबलता समजत होती. दुसरं नाव डॉ. अनिता अवचट यांचं. पुण्यात गर्दच्या विळख्यात सापडलेल्या पोरांबद्दल त्यांचे पती अनिल अवचट यांनी लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला अनिताताईंच्या पुढाकारानं 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. दोन्ही संस्थांना कुठल्या देवाचं नाव नाही. तरी तिथे राहून आलेल्या माणसाशी बोला. सकाळी ठरल्या वेळी उठणं, वाटणीला आलेलं काम, गटातलं बोलणं, घरी गेल्यावरही चालू राहणारा पाठपुरावा, असंच तो सांगेल. नेम आणि संगत. बुद्धिवादी माणसं आणि भाविक माणसं वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचली.

हे सगळं अनुभवाचं झालं. मोजमाप काय सांगतं? बिलच्या बारा पायऱ्यांवर शास्त्रज्ञ बराच काळ नाक मुरडत होते. २०२० मध्ये जॉन केली, कीथ हम्फ्रीज आणि मारिका फेरी यांनी २७ अभ्यासांचा, म्हणजे साडेदहा हजारांवर रुग्णांचा, एकत्रित आढावा घेतला. कॉक्रेन या नावानं निघणारे असे आढावे वैद्यकशास्त्रात काटेकोर मानले जातात. व्यवस्थित आखलेल्या कार्यक्रमातून एएकडे वळवलेल्यांपैकी वर्षअखेर ४२ टक्के पूर्ण कोरडे होते. इतर मानसोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. फरक आहे, पण चमत्कार नाही. निम्म्याहून अधिक माणसं तिथेही घसरलेलीच आहेत. या सभांचा गुण येतो तो कशामुळे, हेही केली यांनी तपासून पाहिलं. सगळ्यात मोठा वाटा निघाला तो भोवतालची माणसं बदलण्याचा. पिणारे मित्र कमी होतात, न पिणारे वाढतात. जोडीला, मोहाच्या प्रसंगी आपण टिकू शकतो हा विश्वास वाढतो. अध्यात्माचा वाटाही दिसला, विशेषतः व्यसन जास्त खोल गेलेल्यांमध्ये. म्हणजे ज्याचं सगळंच गेलेलं आहे, त्याला जगायला कारण लागतं, आणि ते गोळीत मिळत नाही.

आता श्रद्धा कुठे घात करते, तेही बोलायला हवं. पहिला घात म्हणजे डोळे मिटून विश्वास टाकून दिलेलं गुपचूप औषध. 'जेवणात मिसळा, त्याला कळणारही नाही', अशा पावडरींच्या जाहिराती तुम्ही एसटी स्टँडच्या भिंतींवर पाहिल्या असतील. अशा पुड्यांत काय असतं, ते बऱ्याचदा विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. दारूशी वैर धरणारं डायसल्फिरम नावाचं औषध आहे, त्याचा हा गुण १९४८ च्या सुमारास डेन्मार्कमध्ये ध्यानात आला. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन द्यायचं असतं. न सांगता दिलं आणि तो प्यायला, तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. ज्या बदलात माणसाची संमतीच नाही, त्याला बदल कसं म्हणायचं?

दुसरा घात भीतीचा. 'मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घे.' तो घेतो, आणि आठव्या दिवशी मोडतो. पुढच्या महिन्यात मुलाला ताप आला की तो आपल्याच पापानं आला असं त्याला वाटतं, आणि ती बोचणी बुजवायला तो आणखी पितो. मी अशा शपथा घालणाऱ्या घरच्यांना हात जोडून सांगतो, लेकराला यात ओढू नका. तिसरा घात म्हणजे श्रद्धेच्या नावानं चालणारी कोंडून ठेवण्याची, मारहाणीची केंद्रं. तिथे साखळीनं बांधलेला माणूस सुटल्यावर पहिला थांबतो तो दारूच्या दुकानापाशी. आणि चौथा घात सौम्य आहे, म्हणून दिसत नाही. 'देव बघून घेईल' असं म्हणून आपण गल्लीतल्या दुकानाकडे डोळेझाक करतो. गडचिरोलीत लोकांनी लढा दिला, तेव्हा कुठे १९९३ मध्ये तिथे दारूबंदी आली. इतरत्र गावोगावच्या बायकांनी उभ्या (दुकान चालू) आणि आडव्या (दुकान बंद) बाटलीच्या मतदानातून दुकानं बंद पाडली. बंदीच्या बाजूनं आणि विरुद्ध पुष्कळ बोलता येईल. पण ज्याचा संयम अजून कोवळा आहे, त्याच्या घराच्या वाटेवर तीन बार असतील, तर एकट्या पांडुरंगावर भार टाकणं बरं नव्हे.

आता घसरण्याबद्दल. आमच्या लोकांत तिला 'स्लिप' म्हणतात. स्लिप झाली की घरचे म्हणतात, 'बघा, याची श्रद्धाच नव्हती.' तोही तेच म्हणतो आणि लाजेनं सभेला, भजनाला, विहारात जायचं सोडतो. खरा धोका त्या एका पेल्यापेक्षा या लाजेत जास्त असतो. मधुमेहाच्या रुग्णाची साखर वाढली तर आपण त्याला नास्तिक ठरवत नाही. औषध, जेवण, चालणं, यांत कुठे गफलत झाली ते पाहतो. स्लिप झालेल्या माणसालाही असंच विचारावं. गेल्या महिन्यात नेम कुठे तुटला? कोणाशी बोलणं बंद झालं होतं? झोप होत होती का, डॉक्टरांकडे जाणं चुकलं का? एएमध्ये घसरलेला माणूस परत आला की तो पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजू लागतो, आणि त्या दिवशी टाळ्या त्याला जास्त पडतात. चांगला कीर्तनकारही माळ काढून ठेवलेल्याला हाकलत नाही, पुन्हा घालतो. परतीचा दरवाजा बंद करणारी श्रद्धा व्यसनमुक्तीच्या कामाची नाही.

आणि टिकाऊ बदल म्हणजे तरी काय? नुसतं न पिणं म्हणजे तो नव्हे. आमच्याकडे दहा-दहा वर्षं कोरडी असलेली, पण घरात सगळ्यांना धाकात ठेवणारी माणसं येतात. बायको हळूच म्हणते, 'पीत होते तेव्हा निदान झोपायचे तरी.' बदल दिसतो तो लहानसहान गोष्टींत. पगार झाल्यावर तो पाकीट न मोजता बायकोच्या हातात देतो. तीही काही महिन्यांनी ते मोजायचं सोडते. किराणा दुकानदाराची दहा वर्षांपूर्वीची उधारी तो हप्त्यानं फेडायला जातो आणि दुकानदार बुचकळ्यात पडतो. मुलगी मैत्रिणींना घरी आणू लागते. विश्वास हा असा उशिरा, इतरांच्या वागण्यातून परत येतो. तो मागून मिळत नाही, हे त्या माणसाला समजायला हवं, आणि तो हळूहळूच येणार, हे आपल्याला.

श्रोतेहो, आतापर्यंत जे म्हटलं, त्याचा आपल्याशी संबंध इथे येतो. श्रद्धा ज्याची त्याला आणावी लागते. ती आपण कुणाला देऊ शकत नाही. नेमही त्यालाच पाळावा लागतो. पण संगत ही गावानं द्यायची गोष्ट आहे. लग्नात, बारशात, वरातीत 'एक घे रे, काय होतं' असं म्हणणारी संगत आपण फुकट पुरवतो. सोडणाऱ्याला मात्र आपण शुभेच्छा देतो आणि घरी जातो. भजनी मंडळानं घसरलेल्याला पुन्हा टाळ द्यावा, विहारानं त्याची खुर्ची राखून ठेवावी, कारखान्यातल्या मुकादमानं त्याला सभेपुरती एक संध्याकाळ मोकळी द्यावी. यातलं काही खर्चाचं नाही.

म्हणून समारोपात या व्यासपीठावरून व्याख्यानमालेच्या समितीला एक मागणी करतो. हे वाचनालय रात्री आठला बंद होतं आणि मागची अभ्यासिका रविवारी संध्याकाळी रिकामी असते, असं मी आल्या आल्याच विचारून घेतलं आहे. ती खोली दर रविवारी दीड तास दारू सोडू पाहणाऱ्यांच्या सभेला द्या. भाडं नको, फलक नको, उद्घाटन तर मुळीच नको. या सभांना चहाचे पैसे सभासद आपसांत जमवतात, बाहेरची देणगी ते घेत नाहीत. दाराशी कोण येतं आणि कोण जातं हे कुणी पाहू नये, आणि पाहिलं तर बाहेर बोलू नये, एवढी हमी मात्र सगळ्या गावानं द्यायला हवी. समितीनं होकार दिला, तर येत्या रविवारी तिथे बसायला लागणारी माणसं मी घेऊन येतो.